न ठरलेला थांबा

“पोरीला हाक मारा, भरती चढतेय,” सुकट वाळत घालणारी म्हातारी म्हणाली.

निरंजन आणि मृण्मयी दोघंच भाड्याच्या कॅम्परव्हॅनने कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले होते. या गावात थांबायचं नाही, असं ठरलं होतं, पण दुपारी इंजिन तापलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची ओवी इथेच बुडाली होती.

“आमच्याबरोबर कोणी नाही, आजी,” मृण्मयी कसंबसं म्हणाली.

“आत्ताच तर तुमच्या गाडीतून उतरली.”

निरंजनने सहा वर्षांत लेकीचं नाव उच्चारलं नव्हतं. तो पाण्याकडे वळला.

“ओवी, चल बाळा, निघायचंय.”

मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं, एक मूल चढून बसेल इतका वेळ धरून ठेवलं आणि हळूच लावलं.