भेटीतली डुलकी

“मी झोपले,” ती म्हणाली. “एका घरी भेटीला गेले आणि त्यांच्याच पलंगावर झोपले. चांगली चाळीस मिनिटं.”

पर्यवेक्षिका बाईंनी पेन खाली ठेवलं.

दर गुरुवारी हा तास असायचा. दार बंद, फोन ड्रॉवरमध्ये. घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना आणि त्यांच्या आयांना भेटणाऱ्या प्रत्येक ताईनं आठवडाभर मनात साचलेलं इथं ओतायचं. तपासणी नाही, गुण नाहीत. जुन्या ताया त्याला ‘रडायचा तास’ म्हणत, आणि रुमाल आपापला न्या, असंही वर सांगत. ही मात्र वर्षभर हसत यायची आणि सगळं छान चाललंय म्हणून निघून जायची.

आज सुटका नव्हती. सोमवारच्या भेटीच्या कागदावर तिनं लिहिलं होतं, ‘आईला बाळाशी गप्पा मारायला शिकवलं.’ धडधडीत खोटं.

ते घर दुसऱ्या मजल्यावरचं. आई विशीतली, मुलगी पाच महिन्यांची. आई वेळेवर पाजायची, न्हाऊ घालायची, लंगोटांच्या घड्या अशा घालायची की दुकानात मांडाव्यात. लेकीशी मात्र बोलायची नाही. बाळ टकामका तिच्याकडे बघायचं आणि ती भिंतीकडे. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, औषधं चालू होती. ताईनंही तीन महिने जंग जंग पछाडलं. खुळखुळा वाजवला, चित्रं दाखवली, बाळाशी इतकी बडबड केली की घसा बसला. आई मान डोलवायची. लेकीसाठी तोंडातून चकार शब्द नाही.

त्यात सोमवार उजाडला. ताईच्या स्वतःच्या दहा महिन्यांच्या लेकाला दात येत होते. दात त्याचे, जागरण हिचं, सलग तिसऱ्या रात्रीचं. पिशवीतून खुळखुळा काढताना तिचा तोल गेला. काय झालं म्हणून आईनं विचारलं, तेव्हा तिनं लेकाचे प्रताप सांगितले. जरा टेका, आई म्हणाली. नाही म्हणायचं राहून गेलं. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती.

“हे घर दुसऱ्या कुणाला द्या,” तिनं फाईल टेबलावर सरकवली. “शिकवायला जाते आणि घोरते. कुठल्या तोंडानं परत जाऊ?”

बाईंनी फाईलला हात लावला नाही. कागद आपण दोघी मिळून दुरुस्त करू, खोटं तसंच ठेवायचं नाही, एवढं सांगितलं. मग विचारलं, सलग झोप शेवटची कधी मिळाली होती? तिला आठवेना. महिने मोजायला गेली, बोटं संपली, हसू आलं आणि हसता हसताच डोळे वाहू लागले. बाईंनी स्वतःचा रुमाल पुढे केला. माझी लेक लहान असताना मी एकदा मीटिंगमध्ये साहेबांच्या खांद्यावर झोपले होते, म्हणाल्या. ते बिचारे तासभर हलले नाहीत.

ती पुन्हा हसली. या वेळी नुसतीच हसली. छातीवरचा दगड थोडा सरकल्यासारखं झालं.

बाईंना घाई नव्हती. जाग आल्यावर काय दिसलं, त्यांनी विचारलं. घड्याळ, ती म्हणाली, दुसरं काही नाही, शरमेनं नजरच वर झाली नाही. तिनं डोळे मिटले. मग हळूहळू ती खोली आठवू लागली. आई खिडकीपाशी फेऱ्या मारत होती. बाळ खांद्यावर, कुरकुरत होतं. आई काहीतरी पुटपुटत होती.

“काय पुटपुटत होती?”

“‘हळू गं राणी, ताई उठतील. त्यांचं बाळ रात्रभर जागवतं त्यांना, आपण तरी झोपू देऊ.’”

“हे कुणाला सांगत होती?”

तिनं डोळे उघडले. तीन दिवस ताठलेले खांदे सैल पडले.

“लेकीला,” ती म्हणाली.