नाण्यांचा पट्टा

विमानतळावरची कमान तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा तपासणीवाल्या बाईंनी मास्तरांना रांगेतून बाजूला घेतलं आणि शर्ट वर करायला सांगितलं. मास्तरांनी तो चारचौघांत वर केला. आत दोन ठिकाणी रफू केलेलं बनियन आणि त्यावर कमरेला गुंडाळलेला जाड कापडी पट्टा. पट्ट्याला चिमुकले एकतीस खिसे, प्रत्येक खिशाला बटण आणि प्रत्येकात एक जुनं, दुर्मीळ नाणं. जन्मभर लोकांच्या पँटी शिवलेल्या टेलरला किमती वस्तू न्यायची म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? पट्टा त्यांनी आठवडाभर खपून शिवला होता. कमान धातूवर ओरडते, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. विमानात ते पहिल्यांदाच बसणार होते.

त्यांचा मुलगा तीन माणसं मागे उभा होता आणि मुलाच्या मागे त्याचे साहेब. साहेबही त्याच विमानाने निघालेत, हे त्याला रांगेत उभं राहिल्यावर कळलं. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय आहे, असं त्याने ऑफिसात सांगून ठेवलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. शिलाई मशीन तेवढं त्यातून वगळलं होतं.

इकडे मास्तर एकेक बटण सोडवून एकेक नाणं कडेने धरून टेबलावरच्या रुमालावर ठेवत होते. बाईंनी हात पुढे केला की ते त्यांना अडवत होते. नाण्याला बोट लावायचं नसतं, घामाचा डाग पडतो, असं त्यांनी बाईंना दोनदा समजावून सांगितलं. रांग खोळंबली. मागून कुणीतरी घड्याळाकडे बघून चुकचुकलं. असल्या माणसांना विमानतळावर सोडतातच कशी, असं साहेब म्हणाले आणि हसले. मुलगाही हसला. खरं तर त्याने हसायची काही गरज नव्हती.

बाईंनी रांगेकडे पाहिलं. मुलाचं नाक हुबेहूब बापाचं होतं, त्यामुळे असेल, त्यांची नजर नेमकी त्याच्यावर थांबली.

"तुम्ही यांच्याबरोबर आहात का?"

"नाही. मी ओळखत नाही यांना."

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही. हातातलं बटण सोडवलं आणि पुढच्या खिशाकडे वळले. मुलगा खाली मान घालून कमानीतून पार झाला. त्याच्या बाबतीत ती ओरडली नाही.

त्या दुपारी दुसऱ्या शहरात नाण्यांचे एक मोठे जाणकार ही नाणी तपासून खरेपणाचा दाखला देणार होते. त्यांची वेळ मिळायला मास्तरांना तीन वर्षं लागली होती. म्हणून तर त्यांनी कागदपत्रं इस्त्री केल्यासारखी नीट ठेवली होती. बाईंनी नाण्यांची यादी वाचली आणि थबकल्या. मालक म्हणून तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

मास्तर म्हणाले, नाणी मुलाची आहेत. बाईंनी नियम सांगितला. दुसऱ्याचा किमती माल असा नेता येत नाही. मालक समोर हवा, नाहीतर नाणी इथेच जमा होतील. मुलगा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पलीकडे पाहिलं. बाकावर बसून मुलगा बुटाच्या नाड्या बांधत होता. शेजारी साहेब उभे होते. एक हाक मारायचा अवकाश होता.

"तो नाही आला," मास्तर म्हणाले. "ठेवून घ्या नाणी."

बाई काही पाषाणहृदयी नव्हत्या. नियम पाळताना माणसाचं नुकसान होऊ नये, असं त्यांना वाटत असावं. त्यांनी यादीवरचं नाव संगणकात घालून पाहिलं, तर त्याच विमानाच्या प्रवाशांत ते निघालं. मग स्पीकरवरून मुलाचं नाव पुकारलं गेलं. पूर्ण नाव, मध्ये बापाचं नाव घेऊन. दोनदा. अहो, हे तर तुमचंच नाव, असं म्हणत साहेबही काय भानगड आहे ते बघायला त्याच्याबरोबर आले.

टेबलावर यादी पसरलेली होती. ती त्याने आजवर कधी वाचली नव्हती. बाबांचा नसता नाद, एवढंच त्याला या नाण्यांविषयी माहीत होतं. आता त्याने वाचलं. एकतीस नाणी आणि प्रत्येकापुढे ते मिळवल्याची तारीख. साल तेवढं बदलत होतं. दिवस आणि महिना त्याच्या वाढदिवसाचा होता.

"मघाशी मी तुम्हालाच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ओळखत नाही."

साहेब त्याच्याकडे बघत होते.

"मीच बजावलं होतं त्याला," मास्तर घाईने म्हणाले. "किमती जिन्नस अंगावर आहे, तेव्हा मी कितीही अडचणीत दिसलो तरी ओळख दाखवायची नाही. त्याचा काही दोष नाही, ताई."

असलं काही बाबांनी त्याला कधीच बजावलं नव्हतं. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून त्याने तोंड उघडलंही, पण मास्तरांनी एक नाणं कडेने धरून त्याच्यापुढे केलं आणि त्याला ते पट्ट्यात घालायला लावलं. त्याने बटण लावलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाईंनी यादीवर शिक्का मारला आणि कागद मास्तरांच्या हातात दिला.

"नशीबवान आहात, बाबा," त्या म्हणाल्या. "बापाचा शब्द इतका पाळणारा मुलगा आजकाल शोधून सापडत नाही."