वेर्नरसाहेबाचं लायसन्स

पाकिस्तानशी लढाई लागली आणि जबलपूरच्या कारखान्याचे ड्रायव्हर फौजेत गेले. हेमलतेच्या शेजारच्या क्वार्टरातल्या जर्मन इंजिनियराला, वेर्नरसाहेबाला, आता स्वतःच जीप चालवायची होती. पण लायसन्सच्या परीक्षेत तो दोनदा नापास झालेला. रस्त्यात कोणी आडवं आलं, की हा भला माणूस गाडी थांबवून मुकाट वाट बघत बसे. आजही नापास झाला, तर त्याला मायदेशी परत धाडणार होते.

त्याला धीर द्यायला मागच्या सीटवर हेमलता, तिचे यजमान रत्नाकर आणि मांडीवर बंडू. रांझीच्या वळणावर नेमकी म्हैस बसलेली. साहेब थांबला.

"अब क्या, शाम तक बैठे रहोगे?" साहेबाशेजारी बसलेला परीक्षेचा इन्स्पेक्टर करवादला.

हेमलतेनं मनातल्या मनात देव पाण्यात घातले.

साहेबानं मान बाहेर काढली आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून कानावर येणारी हाक थेट हेमलतेच्याच सुरात मारली, "अहो बंडूचे बाबा, काहून वाटेत पसरून राहिले? सरका ना जरा."

म्हैस उठली. इन्स्पेक्टर हसत म्हणाला, "पास."

हेमलतेनं तोंडात पदर कोंबला. म्हशीच्या आधी, मागच्या सीटवर, रत्नाकर हातभर सरकले होते.