दुसरी थाप

अँब्युलन्स निघाली आहे, फोनवरच्या बाईने सांगितलं. तोवर त्यांना झोपू देऊ नका, बोलत राहा.

बोलत राहा म्हणणं सोपं. कोशकाराची बायको स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसली होती. ओठ निळसर, एक हात छातीवर. तो समोर उकिडवा बसला, आणि जन्मभर शब्दांची कुळं धुंडाळलेल्या या गृहस्थाला बोलायला विषय सापडेना. मुलींचा काढला तर रडू येणार. दुखण्याचा काढायचा नाही. आणि शब्दांचा काढला की ती आजवर एकच उत्तर द्यायची : आधी जेवण गार होतंय ते बघा.

शेवटी हाताशी होता तोच शब्द त्याने उचलला. अँब्युलन्स. इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, म्हणाला. सैन्यामागून चालणारं इस्पितळ. फ्रेंचने लॅटिनकडून, तिथे अर्थ नुसताच चालणं.

"मग चालतच येत असेल," ती म्हणाली.

त्याने पुढे रेटलं. त्यातला 'अँब' म्हणजे भोवती, आपल्या संस्कृतातल्या 'अभितः'चा चुलतभाऊ. आणि त्याच्याही मागे...

त्याच्या मागे काही नव्हतं. लेखी पुरावा तिथे संपतो, पलीकडे सगळा पंडितांचा अंदाज. खाली रस्त्यावर सायरन नव्हता. कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. तिची मान कलली.

तेव्हा पुराव्याशिवाय कोशात स्वल्पविरामही न घालणाऱ्या माणसाने आयुष्यातली पहिली थाप मारली. डोंगरात एक जमात होती म्हणे, ती लंगड्या मेंढीला 'अँब' या नावाने हाक मारायची.

तिने डोळे उघडले.

"थापा मारू नका."

"थाप कशावरून?"

"लॅटिनच्या मागे लिखाण नाही. तुम्हीच सांगितलंत. थोरलीच्या वेळी, अँब्युलन्समध्ये." ती श्वासासाठी थांबली. "मी कळा देत होते, तुम्ही लॅटिन."

इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलतोय, असा त्याचा पक्का हिशेब होता. तो साफ चुकला होता, आणि दुरुस्त करायला आता सवड नव्हती.

तिच्या पापण्या पुन्हा जड झाल्या. स्कूटर एकदाची सुरू होऊन निघून गेली. त्याने तिचा हात घट्ट धरला आणि दुसरी थाप मारली, पहिलीपेक्षा ढोबळ, शेंबड्या पोरालाही पकडता येईल अशी; आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला.