पोलादी घुबडाचा शेवट

कुणाला पटायचं नाही, पण ‘पोलादी घुबड’ या कॉमिकचा एकूण एक अंक मी वाचलाय. वैरागला एसटीतून गठ्ठा उतरला की पहिली प्रत या कोंडीबाची!

परवा सोलापुरात त्या सगळ्या जुन्या अंकांचा जाडजूड खंड निघाला. घुबडाच्या मूळ चित्रकाराच्या मुलीनं, फिरदोसनं, तो छापलेला. शेवटचा अंक प्रकाशनाला जमलेल्या एकाही कॉमिकवेड्याकडं नव्हता. शोधून शोधून सगळे दमलेले. मग मला कोण अडवतंय? खंड चाळला आणि फिरदोस बोलायच्या आत मीच माईक धरला.

“शेवट पार नासवलाय! मूळ अंकात घुबड लढता लढता मरतं. हितं ते पंख उतरवून नातवंडं खेळवतंय. आन् चित्रं? घुबड हाय का कोंबडी?”

“आजोबा, तुमी खरंच वाचलाय तो अंक?” पुढं बसलेल्या तौसिफनं विचारलं.

“वाचलाय? लई रडलोय त्यावर! या पोरीनं बापाचं नाव बुडवलं की.”

टाळ्या पडल्या. तौसिफनं विकत घ्यायला उचललेला खंड परत टेबलावर आपटला, मागोमाग बाकीच्यांनीही. फिरदोसनं माझ्या हातातून माईक ओढून घेतला.



“चाचा, शेवटचा अंक काढायच्या आधीच अब्बा गेले, तो कधी छापलाच नाही. खंडातली शेवटची पानं मी चितारलीत. तुम्ही रडलात तो अंक कुणी काढला होता?”