संडासाची चावी

घरात बायकांचं किती चालतं हे मोजायला शहरातून आलेल्या ताईंनी ओसरीवर बसत विचारलं, "संडास बांधायचं कुणी ठरवलं?" "मीच ठरायं," भिकुबाई म्हणाली. "धनीले इचारं बी नही." ताई खूश झाल्या. कळसाडीत इतक्या ठसक्यात बोलणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. हिला पैकीच्या पैकी गुण. खांबाला टेकून उभ्या असलेल्या सुनेला, रुपाला, आठवा महिना लागला होता आणि सकाळपासून तिच्या पोटात मुरडा उठत होता. तिची नजर सासूच्या कमरेला खोचलेल्या संडासाच्या चावीवरून हलत नव्हती. निघता निघता ताईंनी संकोचत विचारलं, "जरा जाऊन येऊ का?" भिकुबाईनं हौसेनं चावी काढून दिली आणि सुनेला बादली भरून ठेवायला लावली. ताई जाऊन आल्या, चावी परत कमरेला गेली, जीप वळणाआड झाली. रुपानं नुसता हात पुढे केला. "घरना लोके रोज गयात ते खड्डा सालभरमा भरी जाई," सासू म्हणाली. "वावर काय दूर शे?" रुपानं डबा उचलला. कपाशीच्या ओळीत ती पोट सावरत कशीबशी बसली. कळ ओसरल्यावर तिनं पोटावर हात ठेवला आणि आतल्या जिवाला हळूच सांगितलं, "पोऱ्याच व्हय रे बाप. तुन्ही बायको येई, तवय चावी मन्ही कंबरले ऱ्हाई. मंग देखसू ती कोठे जास."