बेसमेंटमधली सवत

“जीव गेला तरी काढणार नाही,” उल्काताईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून सांगितलं. एमआरआयच्या खोलीबाहेर, हॉस्पिटलचा निळा गाऊन घालून, त्या पंधरा मिनिटं अशाच अडून बसल्या होत्या.

“आंटी, आत मेटल चालत नाय. मॅग्नेट आहे तो, मी तरी काय करू?” निकोल म्हणाली. ही टेक्निशियन पोरगी मूळची वसईची. कॅनडातल्या सस्काटूनमध्ये मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून उल्काताईंचे यजमान हेमचंद्र आधी खूश झाले होते. आता त्यांना घाम फुटला होता. बायकोच्या लिव्हरवर डाग दिसला होता. तो नुसताच डाग की आणखी काही, हे या तपासणीत कळणार होतं. आज हुकलं तर पुढची तारीख थेट पुढच्या वर्षीची, २०१७च्या मार्चमधली.

“एकेचाळीस वर्षांत एकदाही काढलं नाही,” उल्काताई नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्या बायपासच्या वेळी यालाच धरून बसले होते. काढलं आणि तुम्हाला काही झालं तर?”

हेमचंद्र केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक. असल्या गोष्टींची त्यांनी जन्मभर टिंगल केलेली. पण बायकोचे भरलेले डोळे पाहिले आणि त्यांचं सगळं शास्त्र कुठल्या कुठे पळालं. त्यांनी तिच्यापुढे मान वाकवली.

“माझ्यासाठीच आहे ना ते? मग माझ्याच गळ्यात घाल.”

उल्काताईंना हसू फुटलं, निकोललाही. मंगळसूत्र प्राध्यापकांच्या करड्या स्वेटरवर जाऊन बसलं.

निकोलनं सुई तयार केली. “हे कॉन्ट्रास्ट आहे, आंटी. गॅडोलिनियमचं. याने स्कॅनमध्ये सगळं क्लिअर दिसतं.”

“गॅडोलिन?” उल्काताईंनी हात मागे घेतला. “ह्यांचा तो?”

बारा वर्षं हेमचंद्र बेसमेंटमध्ये बसून योहान गॅडोलिन या फिनलंडच्या रसायनशास्त्रज्ञाचं चरित्र लिहीत होते. जेवण निवायचं, पाहुणे ताटकळायचे, पण हा गृहस्थ वर येईल तर शपथ. उल्काताई त्या गॅडोलिनला ‘माझी सवत’ म्हणायच्या. त्याच्याबद्दल त्यांनी कधी एक अक्षर ऐकून घेतलं नव्हतं.

“त्याच्याच नावाचा धातू,” हेमचंद्र म्हणाले. “एका काळ्या दगडात त्याला एक नवं द्रव्य सापडलं. पुढे कुणाच्या उपयोगी पडेल, त्याला काय ठाऊक! मग तुर्कू शहराला आग लागली, त्यात त्याचा दगडांचा सगळा संग्रह गेला. हा धातू दुसऱ्यांनी शोधला आणि त्याचं नाव दिलं, तेही त्याच्या माघारी.”

“बिचारा,” उल्काताई म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केला.

पाऊण तास हेमचंद्र वेटिंग रूममध्ये काळे मणी मिरवत बसले. समोरची गोरी म्हातारी “ब्युटिफुल नेकलेस” म्हणाली. त्यांनी ऐटीत थँक्यू म्हटलं.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. डाग अगदी निरुपद्रवी निघाला. हेमचंद्र गुडघ्यांची पर्वा न करता किचनमध्येच नाचले. उल्काताई रडल्या, हसल्या आणि त्यांनी शिरा केला. बशी घेऊन त्या स्वतः हेमचंद्रांपाठोपाठ बेसमेंटचा जिना उतरल्या, बारा वर्षांत पहिल्यांदाच. टेबलावर चरित्राचं शेवटचं पान होतं. त्यांनी ते उचलून मोठ्यानं वाचलं, “वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी योहान गॅडोलिन वारला.”

“हे वाक्य खोडा,” त्या म्हणाल्या.

“अगं, खरं आहे ते. १८५२ साली…”

“वारला कुठे? गेल्या मंगळवारी माझं सगळं पोट हिंडून आला आणि म्हणाला, काही नाही हो वहिनी, खुशाल जगा.”